फॉर्मवरचा एक रकाना आणि ‘पाचारण’ नावाची भानगड

बारावीचे निकाल लागले की आमच्या बेळगावच्या शहापुरात संध्याकाळी माझ्या दारात कागद घेऊन येणाऱ्यांची वर्दळ वाढते. मास्तर नोकरीतून निवृत्त होतो, फॉर्म भरण्यातून होत नाही. या वर्षी गल्लीतलेच एक गृहस्थ लेकीला घेऊन आले. उद्यमबागेतल्या फौंड्रीत ते पंचवीसेक वर्षं मोल्डर आहेत. त्यांना बेल वाजवावी लागत नाही. जिना चढताना खोकला येतो, त्यावरूनच कळतं कोण आलंय ते. पोरीला बेंगळुरूच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात बीएस्सीला जायचंय, विषय रसायनशास्त्र. ऑनलाइन फॉर्मची प्रिंट काढून आणली होती. नाव, जात, मार्क, उत्पन्नाचा दाखला सगळं भरलेलं. एक रकाना तेवढा कोरा. त्यात विचारलं होतं, तुमचं ‘व्होकेशन’ काय आहे असं तुम्हाला वाटतं? १५० शब्दांत लिहा.

“सर, पोर बीएस्सीला जायला लागली की ओ,” ते म्हणाले. “मग हे आयटीआयचं कशाला विचारूलालेत?”

मी हसलो, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. आपल्याकडे ‘व्होकेशनल’ म्हणजे फिटर, टर्नर, वेल्डर. दहावीला मार्क कमी पडले की पोराला जिकडे वळवतात ते. त्या रकान्यातला शब्द त्याच घराण्यातला आहे, पण नांदतो दुसऱ्याच गावी. हल्ली आपल्या भागातली बरीच मुलं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूची ख्रिस्ती कॉलेजं गाठतात. त्यांच्या माहितीपत्रकांत हा शब्द, त्याच्याबरोबर ‘फेथ’, ‘मिशन’, ‘कम्युनिटी’ अशी पलटण असते. पालक गोंधळतात. थोडे घाबरतातही. त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर जी चर्चा झाली ती सगळ्यांच्या उपयोगाची वाटली, म्हणून लिहितो.

आधी शब्द सोलून बघू

लॅटिनमध्ये ‘वोकारे’ म्हणजे हाक मारणे. त्यावरून ‘व्होकेशन’, म्हणजे आलेली हाक. मराठी ख्रिस्ती लोकांकडे याला नेमका शब्द आहे, पाचारण. मराठी बायबलात तो जागोजागी येतो. एरवी आपण तो सरकारी पत्रात किंवा ‘पंचांना पाचारण केले’ अशा बातमीत वाचतो. बोलावणं धाडणं, एवढाच त्याचा अर्थ.

खानापूर बाजूच्या एखाद्या कॅथलिक घरात विचारलंत तर आणखी एक अर्थ मिळेल. तिथे ‘त्यांच्या घरात दोन व्होकेशन्स आहेत’ म्हणजे एक मुलगा फादर झाला आणि एक मुलगी सिस्टर. शेकडो वर्षं युरोपातही हाच अर्थ चालत होता. देवाची हाक येते ती मठात जाणाऱ्याला. बाकीचे नांगर धरतात, पीठ मळतात, मुलं वाढवतात. ते संसारी. त्यांना हाक नाही, नुसती कामं.

ही वाटणी सोळाव्या शतकात जर्मनीतल्या मार्टिन लूथरने मोडली. तो स्वतः मठातला साधू, आणि १५१७ साली रोमच्या चर्चशी त्याचं वाजलं ते प्रसिद्धच आहे. पण त्याची दुसरी कामगिरी आपल्या विषयाला जास्त लागू पडते. चांभार, गवळण, दंडाधिकारी, आई, प्रत्येकाला आपापल्या जागी देवाची हाक आहे, असं त्याने सांगितलं. १५२२ साली विवाहावर लिहिताना तर त्याने बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापाचं उदाहरण दिलं. शेजारीपाजारी त्या बापाला हसले तरी देव आपल्या सगळ्या दूतांसह त्याच्याकडे पाहून आनंदाने हसतो, असा त्याचा भावार्थ. पाचशे वर्षं झाली, आमच्या गल्लीत अजून तो बाप दुर्मीळ आहे, ते सोडा.

कॅथलिक चर्चनेही पुढे दार मोठं केलं. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट म्हटलं की पवित्र जगण्याची हाक फादर-सिस्टरांपुरती नाही, सगळ्यांनाच आहे.

म्हणजे त्या रकान्याचा सरळ मराठी अर्थ असा: तुला काय व्हायचंय हे आम्ही विचारत नाही, तुला कशासाठी बोलावलंय असं वाटतं, ते सांग.

‘जॉब’ आणि ‘व्होकेशन’

इथे पोरीच्या बाबांनी मला नकळत मदत केली. फौंड्रीत ‘जॉब’ म्हणजे नोकरी नव्हे. साच्यातून निघालेला ओतीव तुकडा म्हणजे जॉब. ‘आज किती जॉब निघाले’, ‘हा जॉब रिजेक्ट’ अशी तिथली भाषा. मी त्यांना विचारलं, जॉब चांगला का वाईट हे तुम्ही कसं ओळखता?

“ठोकून बघतो,” ते म्हणाले. समोरच्या टीपॉयवर आमच्या हिने ठेवलेला पितळी तांब्या होता. त्यांनी बोटाचं पेर त्यावर मारलं. “असा खणखणीत वाजला तर बरा. आत पोकळी असली, चीर असली, तर बद्द वाजतो. वरून रंग मारला की कळत नाही, पण आवाज खोटं बोलत नाही.”

हे काम त्यांना कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही. कंपनी पगार देते तो तुकड्यांच्या हिशोबाने. तरी चीर असलेला जॉब ते पुढे जाऊ देत नाहीत, कारण तो कुठल्या तरी पंपात बसणार आणि तो पंप कुणाच्या तरी शेतात. पगारापलीकडे त्यांच्या हाताला बांधून ठेवणारं हे जे काही आहे, ख्रिस्ती विचारात त्यालाच व्होकेशन म्हणतात. त्यांना मी तसं सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे कायकवे कैलास की!”

बरोबर. बेळगावात राहून मराठी माणसाला हे कन्नड वचन कुणी शिकवावं लागत नाही. लिंगायत शरण-संतांनी ते बाराव्या शतकात सांगितलं, आज ते वर्कशॉपच्या भिंतीवर, ट्रकच्या मागे लिहिलेलं असतं. कष्ट हाच कैलास. मळ्याच्या वाफ्यात विठ्ठल बघणारा सावता माळी तर आपल्या दिंडीतलाच. तेव्हा कल्पना परकी नाही.

एक फरक मात्र डोळ्याआड करू नये. कायकात भर कामावर आहे. पाचारणात भर हाक मारणाऱ्यावर आहे. ख्रिस्ती माणसाच्या लेखी हाक ऐकू येते म्हणजे हाक मारणारा कुणी तरी आहे. काम हे त्याला दिलेलं उत्तर. जो देव मानत नाही त्याला हाक येते ती समोरच्या गरजेतून, असं म्हणून पुष्कळ ख्रिस्ती प्राध्यापक ही चौकट सैल करतात. काहींना ती सैल केलेली आवडत नाही. हा त्यांचा घरचा वाद आहे आणि तो मिटलेला नाही.

यात विद्यापीठ कुठून आलं?

विल्यम केरी हा इंग्लंडातला चांभार. बूट शिवायच्या खोलीत भिंतीवर जगाचा नकाशा लावून बसायचा. बंगालमध्ये येऊन त्याने सहकाऱ्यांबरोबर १८१८ मध्ये श्रीरामपूरला कॉलेज काढलं. डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये त्या कॉलेजाला पदव्या देण्याचा अधिकार दिला, कारण श्रीरामपूर तेव्हा डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं. आपल्याशी त्याचा संबंध असा की याच केरीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापला. धर्म सांगायला आलेला माणूस, पण त्याच्या हातून भाषेची कामं झाली. त्याला विचारलं असतं तर त्याने ती दोन कामं वेगळी मानलीच नसती.

शेजारच्या धारवाडात बासेल मिशनचे जर्मन आणि स्विस लोक आले. मंगळूरला त्यांनी १८३४ मध्ये सुरुवात केली होती. तिथे त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. धर्म बदललेल्या माणसाला त्याची जात वाळीत टाकायची आणि त्याचा धंदा बसायचा. नुसती प्रार्थना शिकवून पोट कसं भरणार? म्हणून त्यांनी माग घातले आणि १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. शहापुरात अजून काही जुन्या घरांवर मंगळुरी कौलं आहेत. पावसाळ्याआधी शाकारणी करताना एखादं जुनं कौल उलटं करून बघा, कुठल्या तरी कारखान्याचं नाव छापलेलं सापडतं. आमच्या आजोबांच्या घरावरच्या काहींच्या पाठीवर बासेल मिशनचं नाव होतं, आणि कौलं चढवताना आजी त्यांना ‘पाद्र्याची कौलं’ म्हणायची. त्याच मिशनच्या फर्डिनांड किटेलने १८९४ मध्ये मोठा कन्नड–इंग्रजी कोश पुरा केला. धारवाडचं किटेल कॉलेज त्याच्याच नावाचं.

या संस्थांचा धागा आता लक्षात येईल. श्रद्धा एका खोलीत आणि काम दुसऱ्या खोलीत, अशी भिंत त्यांना मान्य नव्हती. आपल्या बेळगावच्या कॅम्पातलं सेंट पॉल्स हायस्कूल जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने १८५६ मध्ये काढलं. तिथे शिकलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांत मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू सगळ्या घरांतली मुलं आहेत. बेंगळुरूचं सेंट जोसेफ्स १८८२ पासूनचं. ते २०२२ मध्ये विद्यापीठ झालं. त्याचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे, अर्थ ‘श्रद्धेने आणि श्रमाने’. तिथलंच ख्राइस्ट १९६९ मध्ये कॉलेज म्हणून निघालं, २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. ते चालवणारा कार्मेलाइट संघ १८३१ मध्ये केरळात स्थापन झालेला, म्हणजे पुरता देशी. ख्रिस्ती संस्था म्हटली की गोरा साहेबच डोळ्यापुढे येतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

सगळी ख्रिस्ती विद्यापीठं एकसारखी नसतात

काही घरांत दारातच विचारतात, देव कुठला? अमेरिकेत इलिनॉयमधलं व्हीटन कॉलेज या जातीचं. तिथे शिकवणाऱ्या प्रत्येकाला श्रद्धेच्या कलमांवर सही करावी लागते. मतभेद झाला तर नोकरीवर गदा येऊ शकते. तिथल्या लोकांच्या दृष्टीने हा ‘समुदाय’ म्हणजे एका श्रद्धेने बांधलेलं कुटुंब.

काही घरांत देव्हारा मधल्या खोलीत असतो, सगळ्यांना दिसतो, पण पंगतीला कुणीही बसतं. कॅथलिक विद्यापीठं साधारण अशी. त्यांच्यासाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये नियमावली काढली. तिच्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. कॅथलिक नसलेल्या शिक्षकांची संख्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नये, हे एक. आणि प्रत्येकाच्या सदसद्‌विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण मान राखावा, हे दुसरं. या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळणं म्हणजे तारेवरून चालणं आहे.

भारतात तर मधल्या खोलीतल्या देव्हाऱ्याभोवती बसलेली बहुतेक पंगत दुसऱ्यांचीच असते. २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोक देशात सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, कर्नाटकात दोन टक्क्यांहूनही कमी. मग त्यांच्या मोठमोठ्या कॉलेजांत हिंदू, मुस्लिम, लिंगायत, जैन मुलंच जास्त असणार. आणि म्हणूनच आपल्याकडच्या ख्रिस्ती संस्थांना ‘श्रद्धा’ या शब्दापेक्षा ‘व्होकेशन’ हा शब्द सोयीचा पडतो, असं माझं निरीक्षण आहे. श्रद्धा वेगळी असली तरी हाकेबद्दल बोलता येतं.

या शब्दाला कॉलेजांत नव्याने भाव आलाय हेही खरं. अमेरिकेत लिली एन्डाउमेंट या निधीने साधारण २००० सालापासून ८८ महाविद्यालयांना पैसे दिले, ते विद्यार्थ्यांनी पदवीबरोबर ‘मला कशासाठी बोलावलंय’ याचा विचार करावा म्हणून. पैसा आला की शब्द पसरतो. आणि शब्द पसरला की तो पोकळही होतो. ‘एक्सलन्स’, ‘लीडरशिप’ यांच्या रांगेत ‘व्होकेशन’ बसवून चकचकीत पत्रक छापणं सोपं आहे. मी स्वतः एका ख्रिस्ती संस्थेत काही वर्षं नोकरी केली, नाव नको. तिथे दर जूनला ‘आपलं पाचारण’ यावर सुंदर प्रवचन व्हायचं, आणि झाडलोट करणाऱ्या बायकांना दहा-दहा वर्षं कंत्राटावर ठेवलेलं होतं. लूथरने गवळणीला जी हाक दिली ती या बायकांपर्यंत पोचली नव्हती. विद्यापीठाचा समुदाय म्हणजे कुलगुरू आणि प्राध्यापक एवढाच असेल, तर तो जॉब बद्द वाजतो. मेसमध्ये चपात्या लाटणारी, हॉस्टेलचा वॉचमन, ग्रंथालयातला शिपाई यांनाही त्यात धरतात की नाही, हे ठोकून बघावं. प्रवेशाच्या दिवशी आवारात अर्धा तास हिंडलं तरी अंदाज येतो.

“बायबल शिकवून रसायनशास्त्र कसं शिकवणार?”

हा प्रश्न पोरीचा. उत्तर थोडक्यात देतो. वाटाण्याची झाडं वाढवून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल मठातला साधू होता. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये गणिताने मांडणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता. त्यांच्या प्रयोगवहीत देवाचं नाव घालून समीकरण सुटत नव्हतं, सगळ्यांसारखंच सोडवावं लागत होतं. पण १६३३ मध्ये गॅलिलिओला गुडघ्यावर बसवलं तेही चर्चनेच. तेव्हा संस्था कशी चालवली जाते त्यावर सगळं आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पालकांनी घाबरण्यासारखं काही नाही. खरी खडाजंगी होते ती तत्त्वज्ञान, इतिहास, लैंगिकता या विषयांच्या वर्गांत.

“हे म्हणजे वर्णव्यवस्थाच की!”

हा आक्षेप आमच्या शेजाऱ्यांचा, जे चहाच्या वासाने येऊन बसले होते. ते म्हणाले, ज्याला जिथे हाक आली त्याने तिथेच राहावं, असं बायबलात पौलाने लिहिलंय ना? मग चांभाराने चांभारच राहायचं. आपल्याकडे हेच सांगून हजारो वर्षं माणसं खाली दाबली.

आक्षेप वजनदार आहे आणि तो उडवून लावता येत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल तसं म्हणतो खरं. युरोपातल्या जमीनदारांनी आणि पाद्र्यांनीही त्याचा वापर गरिबाला जागेवर ठेवण्यासाठी केला. लूथर स्वतः शेतकऱ्यांच्या बंडाच्या विरोधात उभा राहिला.

तरी दोन्हींत फरक आहे तो असा. जातीत काम जन्माने ठरतं, बापाकडून मुलाकडे येतं, सोडता येत नाही. पाचारणात हाक माणसाला येते, घराण्याला नाही. ती ऐकून, तपासून, होय-नाही म्हणायचं असतं, आणि ती बदलूही शकते. केरी चांभारच राहिला असता तर ते मराठी व्याकरण छापलं गेलं नसतं. आमच्यासमोर मोल्डरची मुलगी रसायनशास्त्राचा फॉर्म घेऊन बसली होती. वर्णव्यवस्थेत हा फॉर्मच निघाला नसता. पण हाकेच्या नावाखाली कमी पगारात राबवून घ्यायचं, ‘तुमची सेवा आहे ना, मग पगारवाढ कशाला’ म्हणायचं, हा जुनाच डाव नव्या कपड्यात आहे. शिक्षक, नर्स, सिस्टर यांच्यावर तो सर्रास खेळला जातो.

“आणि धर्मांतराचं काय?”

आवाज खाली करून विचारलेला हा प्रश्न. बेळगावात तो टाळण्यात अर्थ नाही. कर्नाटकचं धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेने मंजूर केलं, ते इथल्याच सुवर्ण विधानसौधात, हिवाळी अधिवेशनात. २०२३ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळाने तो कायदा मागे घ्यायचं ठरवलं. या सगळ्या गदारोळात लोकांच्या मनात राहिली ती भीतीच.

इतिहास आधी प्रामाणिकपणे सांगतो. मिशनच्या शाळांतून धर्मांतरं झाली. बाबा पदमनजी आपल्या बेळगावचेच, जन्म १८३१. इथल्या मिशनच्या शाळेत शिकले, १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. घरच्यांना केवढा धक्का बसला असेल याची कल्पना आजही करता येते. त्यांनी पुढे पाद्रीपण केलं, पण मराठीत नाव राहिलं ते लेखक म्हणून. विधवांच्या हालांवरची त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ ची कादंबरी, मराठीतली पहिली म्हणून ओळखली जाते. त्यांना हाक कुठली आली होती, देवाची की लेखणीची, हे वेगळं काढता येत नाही.

आता आजचा कायदा. संविधानाचं कलम २८ चं तिसरं पोटकलम सरळ आहे. सरकारने मान्यता दिलेल्या किंवा सरकारी पैशातून मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकांची लागते. म्हणजे चॅपलमध्ये जायला ‘नको’ म्हणायचा हक्क तुमच्या मुलीचा आहे, आणि तो संस्थेची मेहेरबानी नव्हे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात हेही सांगितलं की धर्म सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही.

मग ख्रिस्ती लोकांना स्वतःची संस्था चालवायचा वेगळा हक्क कशाला, असं शेजारी म्हणाले. मी त्यांना विचारलं, तुमच्या नातवाची शाळा कुठल्या माध्यमाची?

“मराठी,” ते ताठ बसून म्हणाले.

कलम ३० मध्ये लिहिलंय की धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. धर्माने किंवा भाषेने, एकाच वाक्यात. २००२ मध्ये टी.एम.ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी ठरवलं की अल्पसंख्य कोण हे राज्यावरून पाहायचं. तो खटला कर्नाटक सरकारविरुद्धचाच. म्हणजे कोल्हापुरात जो मराठी माणूस बहुसंख्य, तोच शिनोळीचा नाका ओलांडून बेळगावात आला की भाषेने अल्पसंख्य. कॅम्पातल्या सिस्टरांना जे छत्र आहे तेच आपल्या मराठी शाळांना आहे. एकाचं छत्र फाडायला गेलं तर दुसराही भिजणार. माहीत नसेल तर माहीत करून घ्यावं, सीमाभागात राहणाऱ्याने तरी. शेजारी काही बोलले नाहीत, पण दुसरा चहा त्यांनी घेतला.

मग रकान्यात लिहायचं काय?

यासाठी जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची गोष्ट मी पोरीला सांगितली. तो सैनिक होता. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला. महिनोन्‌महिने अंथरुणावर. वेळ जाईना म्हणून दिवास्वप्नं बघायचा. कधी स्वप्नात तो तलवार गाजवून एका बाईचं मन जिंकायचा, कधी संतांसारखं उघड्या पायांनी चालत जायचा. दोन्ही बघताना मजा यायची. पण संपल्यावर त्याला जाणवलं की पहिल्यानंतर मन कोरडं पडतं आणि दुसऱ्यानंतर बराच वेळ बरं वाटत राहतं. जेवताना काय आवडतं हे सगळ्यांनाच कळतं. हात धुतल्यावर तोंडात काय चव राहते, ते त्याने बघायला सुरुवात केली. त्यातूनच त्याने पुढे एक पद्धत बसवली, रोज थांबून दिवसाकडे वळून पाहायची. तिला ते ‘एक्झामेन’ म्हणतात, आणि त्यातून आपली हाक ओळखण्याला ‘डिसर्नमेंट’. आपण विवेक म्हणू.

यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही. मी तिला म्हटलं, कुठली गोष्ट करताना नव्हे, करून झाल्यावर तुला बरं वाटतं ते आठव. आणि कुठली गोष्ट बघून तू गप्प बसू शकत नाहीस, तेही आठव. देवाचं नाव घालायचं का, हे तू ठरव. घातलं नाहीस म्हणून तुझा फॉर्म फेकला, तर ते कॉलेज आपल्याला नकोच.

ती कागद घेऊन माडीवर गेली. खाली आम्ही फी, हॉस्टेल, डिपॉझिट यांचं गणित मांडत बसलो. बाबा मधे मधे खोकत होते. अर्ध्या तासाने ती आली आणि कागद त्यांच्या हातात न देता माझ्यापुढे ठेवला. तिने लिहिलं होतं की फौंड्रीतल्या साच्याची वाळू म्हणजे सिलिका. तिची बारीक धूळ छातीत गेली की फुप्फुसात बसते आणि परत बाहेर येत नाही. ते अकरावीत असताना तिने पुस्तकात वाचलं होतं आणि त्या रात्री तिला झोप आली नव्हती. वाळूला दुसरा पर्याय असतो का, धूळ बसवायला काय वापरता येतं, हे तिला शिकायचंय. सगळे मिळून ११० शब्द झाले होते.

“अजून ४० उरलेत,” मी म्हटलं. “बाबांना वाचून दाखव, ते सुचवतील काही.”

तिने मान हलवली. “नको सर. मी त्यांचा खोकला मोजूलालो हे त्यांना कळलं, तर ते माझ्यासमोर खोकायचं थांबवतील.”